‘दया, दरवाजा तोड दो!’ हे कायद्यात बसतं का? ‘सीआयडी’च्या पडद्यामागच्या आणि पडद्याबाहेरच्या गोष्टी

एप्रिल २०२५ मध्ये सोनी टीव्हीने आपल्या सोशल मीडियावर एसीपी प्रद्युमन यांचा फोटो टाकला. खाली वर्षं लिहिली होती : १९९८ ते २०२५. रात्री झोपायच्या आधी मोबाईल चाळणाऱ्या अनेकांच्या पोटात क्षणभर गोळाच आला. मग कळलं की गेलेत ते शिवाजी साटम नाहीत, मालिकेतले प्रद्युमन गेलेत. तिग्मांशू धुलिया यांनी साकारलेल्या बार्बोसा नावाच्या खलनायकाने घडवलेल्या स्फोटात त्यांना मारण्यात आलं होतं.

पुढे काय झालं ते तुम्ही पाहिलंच असेल. कमेंटमध्ये लोकांनी वाहिनीला अक्षरशः फैलावर घेतलं. कुणी श्रद्धांजली वाहिली, कुणी मालिका बघणं बंद करण्याची धमकी दिली. साटम यांनी पत्रकारांना सांगितलं की आपण काही काळ सुट्टी घेतली आहे आणि पुढे काय ते निर्मात्यांनाच ठाऊक. त्यांच्या जागी पार्थ समथान एसीपी आयुष्मान म्हणून आला. त्या बिचाऱ्याची काहीच चूक नव्हती, पण पहिल्या दिवसापासून त्याची तुलना सुरू झाली. थोड्याच काळात प्रद्युमन परत आले.

गुन्हेकथांच्या जगात हे नवीन नाही बरं का. आर्थर कॉनन डॉयल यांना शेरलॉक होम्सचा कंटाळा आला म्हणून १८९३ मध्ये त्यांनी त्याला धबधब्यात ढकलून संपवलं. वाचक इतके चिडले की दहा वर्षांनी, १९०३ मध्ये, डॉयल यांना त्याला जिवंत करावं लागलं. आपल्या प्रेक्षकांनी हेच काम काही महिन्यांत करून दाखवलं, कारण व्हिक्टोरियन लंडनमधल्या वाचकांकडे इन्स्टाग्राम नव्हतं.

पण एका काल्पनिक पोलीस अधिकाऱ्याच्या मरणाने लोक एवढे अस्वस्थ का होतात? त्यासाठी ‘सीआयडी’ मुळात कुठून आली हे बघावं लागेल, आणि तिचा उगम चक्क मराठीत आहे.

आधी होतं ‘एक शून्य शून्य’

‘सीआयडी’चे कर्ते बी. पी. सिंग, म्हणजे ब्रिजेंद्र पाल सिंग. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये ते छायाचित्रण शिकले. मूळ पेशा कॅमेरामनचा, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. दूरदर्शनसाठी बातम्यांचं चित्रीकरण करताना त्यांची गुन्हे शाखेतल्या अधिकाऱ्यांशी ओळख झाली. पोलीस तपास कसा करतात, पुरावा कसा जोडतात, हे त्यांनी जवळून पाहिलं.

त्यातून आली मुंबई दूरदर्शनवरची मराठी मालिका ‘एक शून्य शून्य’. नाव अर्थातच पोलीस नियंत्रण कक्षाच्या १०० या क्रमांकावरून. (आज महाराष्ट्रात त्यासाठी ११२ लावायचा असतो. आजच्या मुलांना हे नाव म्हणजे गणिताचा पेपर वाटेल.) आई-बाबांना विचारून बघा, त्यांना ही मालिका नक्की आठवत असेल. या मालिकेत सिंग यांच्यासोबत काम करणारे एक नट होते शिवाजी साटम.

साटम तेव्हा पूर्णवेळ नट नव्हते. सेंट्रल बँक ऑफ इंडियात त्यांची नोकरी होती. त्या काळात बँकांच्या नाट्यस्पर्धा जोरात व्हायच्या. दिवसभर काउंटरवर बसायचं आणि संध्याकाळी तालमीला पळायचं, अशा बँक कर्मचाऱ्यांची मराठी रंगभूमीवर एक अख्खी पिढी होऊन गेली. साटम त्यातलेच. ज्येष्ठ नट बाळ धुरी यांनी त्यांना ‘संगीत वरद’ या नाटकात संधी दिली आणि गाडी रुळावर आली. पुढे ‘वास्तव’मध्ये संजय दत्तचे साधेसुधे वडील त्यांनी केले, ‘उत्तरायण’सारखा हळवा मराठी सिनेमा केला. पण लोकांच्या मनात ते कायम एसीपीच राहिले.

सिंग यांना हिंदीत ‘सीआयडी’ करायची संधी मिळाली, तेव्हा प्रमुख भूमिकेसाठी त्यांनी फार शोधाशोध केली नाही. जो माणूस मराठीत पोलीस म्हणून शोभला होता, तोच घेतला. एसीपी प्रद्युमन हिंदी बोलतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात मुंबईतल्या मराठी माणसाचा जो ठसका येतो तो मुद्दाम आणलेला नाही. तो माहीमच्या माणसाचा आहे. देशभरातल्या प्रेक्षकांना हा अधिकारी खरा वाटला त्यात या ठसक्याचा मोठा वाटा आहे, असं मला वाटतं.

‘लगान’वाला इन्स्पेक्टर आणि आधी गुन्हेगार असलेला अभिजीत

२१ जानेवारी १९९८ रोजी सोनीवर पहिला भाग आला. सुरुवातीच्या टीममध्ये दया आणि अभिजीत ही जोडी नव्हतीच. इन्स्पेक्टर वीरेंद्रच्या भूमिकेत होते आशुतोष गोवारीकर. होय, तेच. काही काळ इथे गुन्हेगार पकडून ते बाहेर पडले आणि २००१ मध्ये ‘लगान’ घेऊन आले. अश्विनी काळसेकरही सुरुवातीला इन्स्पेक्टर आशा म्हणून या टीममध्ये होत्या.

आदित्य श्रीवास्तव यांची एंट्री तर भन्नाट आहे. अलाहाबादच्या रंगभूमीवरून आलेला हा नट. १९९४ च्या ‘बँडिट क्वीन’मध्ये दिसलेला, ‘सत्या’मध्ये इन्स्पेक्टर खांडिलकर झालेला. ‘सीआयडी’त ते पहिल्यांदा आले ते एका भागापुरते, गुन्हेगार म्हणून! काम इतकं आवडलं की १९९९ मध्ये त्यांना सीनियर इन्स्पेक्टर अभिजीत म्हणून परत बोलावलं. म्हणजे ज्या ब्युरोने त्यांना पकडलं त्याच ब्युरोत ते नोकरीला लागले.

आणि दया? दयानंद शेट्टी मूळचे खेळाडू, थाळीफेक करणारे. पायाच्या दुखापतीने मैदान सुटलं आणि ते अभिनयाकडे वळले. आता यातली गंमत बघा. पायाच्या दुखापतीमुळे ज्याला खेळ सोडावा लागला, तो माणूस देशात प्रसिद्ध झाला तो लाथेने दरवाजे तोडण्यासाठी. २०१४ च्या ‘सिंघम रिटर्न्स’मध्ये रोहित शेट्टीने त्यांना पोलिसाची भूमिका दिली, पात्राचं नाव दयाच ठेवलं आणि दरवाजाही तोडायला लावला. चित्रपटगृहात शिट्ट्या पडल्या त्या त्याच प्रसंगाला.

पात्राचं नाव आणि नटाचं नाव एकच, हा प्रकार दयापुरता नव्हता. इन्स्पेक्टर विवेक म्हणजे विवेक मश्रू. हा तोच विवेक, जो २०२३ मध्ये ट्विटरवर अचानक गाजला. ‘लहानपणी हा कुणाकुणाला आवडायचा’ अशा अर्थाची एक पोस्ट फिरली आणि लोकांना शोध लागला की इन्स्पेक्टरसाहेब बेंगळुरूच्या एका विद्यापीठात शिकवतात. त्यांच्या वर्गात गैरहजेरीचं खोटं कारण सांगायची कुणाची हिंमत होत असेल?

एका तपशिलाकडे मात्र आपलं सहसा लक्ष जात नाही, तो म्हणजे लेखक. दर आठवड्याला नवा खून, नवा संशयित, नवी युक्ती हवी. हे वर्षानुवर्षं करणं म्हणजे खायचं काम नाही. इथे लिहिणाऱ्यांत श्रीधर राघवन होते, रजत अरोरा होते. अरोरा यांनी पुढे ‘वन्स अपॉन अ टाइम इन मुंबई’ आणि ‘द डर्टी पिक्चर’ लिहिले. ‘सीआयडी’चे संवाद ऐकून हसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

लिहिणाऱ्यांत आणखी एक नाव होतं, जे आपण फक्त पडद्यावर पाहिलं. इन्स्पेक्टर फ्रेडरिक्स, म्हणजे दिनेश फडणीस. बायकोला घाबरणारा, भुताला घाबरणारा, वातावरण हलकं करणारा फ्रेडी करता करता त्यांनी मालिकेचे काही भागही लिहिले होते. डिसेंबर २०२३ मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी, यकृताच्या आजाराने ते गेले. वर्षभराने, २१ डिसेंबर २०२४ ला, मालिका नव्याने सुरू झाली तेव्हा ब्युरोत सगळे जुने चेहरे होते, फ्रेडी नव्हता.

१११ मिनिटं, एकही कट नाही

आता येऊ त्या विक्रमाकडे. ‘सीआयडी’वर मीम बनवणाऱ्यांपैकी निम्म्यांना तरी हा माहीत नसेल, अशी माझी पैज आहे.

७ नोव्हेंबर २००४ रोजी ‘द इनहेरिटन्स’ नावाचा विशेष भाग दाखवला गेला. लांबी १११ मिनिटं. आणि हा सगळा भाग एकाच शॉटमध्ये चित्रित केलेला होता. कॅमेरा एकदा सुरू झाला तो १११ मिनिटांनीच थांबला. मध्ये एकही कट नाही, संकलन नाही, ‘चला, पुन्हा घेऊ’ नाही. गिनीज आणि लिम्का, दोन्ही विक्रमांच्या पुस्तकांत त्याची नोंद झाली.

हे किती अवघड आहे ते समजायला जगात आधी काय झालं होतं ते बघू. हिचकॉक यांनी १९४८ मध्ये ‘रोप’ केला. सगळा सिनेमा एका शॉटमध्ये आहे असं वाटावं अशी त्यांची कल्पना होती. पण तेव्हाच्या कॅमेऱ्यात एका वेळी जेमतेम दहा मिनिटांची फिल्म मावायची. त्यामुळे दर काही मिनिटांनी कॅमेरा कुणाच्या तरी कोटाच्या पाठीवर न्यायचा, पडदा काळा झाला की रीळ बदलायचं, असा जुगाड त्यांना करावा लागला. खरोखर एका शॉटमधला मोठा सिनेमा आला तो २००२ मध्ये, अलेक्झांडर सोकुरोव यांचा ‘रशियन आर्क’. सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहालयात, हजारो कलाकार घेऊन, सुमारे ९६ मिनिटं. चित्रण साठवायला टेप पुरेना म्हणून थेट हार्ड डिस्कवर साठवलं होतं. पहिले तीन प्रयत्न फसले, चौथा जमला.

त्यानंतर दोनच वर्षांनी, टीव्हीच्या बजेटमध्ये, आपल्या मुंबईच्या टीमने त्याहून पंधरा मिनिटं जास्त खेचली.

जरा विचार करा, यात काय काय बिघडू शकतं. नट संवाद विसरला तर? १०५ व्या मिनिटाला कुणाला शिंक आली तर? सिनेमात प्रत्येक शॉटसाठी दिवे हलवतात. इथे कॅमेरा सगळीकडे फिरणार, मग दिवे, वायरी, माईक धरणारा माणूस, हे सगळं लपवायचं कुठे? एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना उजेड बदलतो, नटाचं अंतर बदलतं, तेवढ्यात फोकस सांभाळायचा. ज्याचा प्रसंग संपला त्याने पाय न वाजवता बाहेर पडायचं आणि पुढच्या प्रवेशाला बरोबर जागेवर उभं राहायचं. आणि कॅमेरा धरणाऱ्याने जवळजवळ दोन तास तो अंगावर पेलायचा. त्याला ना पाणी, ना बसणं.

थोडक्यात, ते चित्रीकरण कमी आणि नाटकाचा प्रयोग जास्त होता. इथेच बँकेच्या नाट्यस्पर्धा कामाला आल्या, असं म्हणायला हरकत नाही. नाटकवाल्याला दोन-अडीच तास न थांबता उभं राहायची सवय असते. समोरचा संवाद विसरला तर सावरून घ्यायची सवय असते. त्यात दिग्दर्शक स्वतः कॅमेऱ्याचा माणूस. टीव्हीवर विक्रम करायचा म्हटलं की बहुतेक वेळा भागांची संख्या मोजतात. सिंग यांनी थेट कॅमेऱ्याच्या तंत्रालाच आव्हान दिलं. झूम होणाऱ्या, तीन तीन वेळा दाखवल्या जाणाऱ्या चेहऱ्यांवरून आपण या मालिकेची टर उडवतो, पण हा विक्रम तिच्याच नावावर आहे.

बाकी आकड्यांचं सांगायचं तर २७ ऑक्टोबर २०१८ ला मालिका थांबली तेव्हा दीड हजारांहून जास्त भाग झाले होते. मधल्या काळात ‘सीआयडी स्पेशल ब्युरो’ आली, ‘अदालत’च्या के. डी. पाठकशी सामना झाला, ‘तारक मेहता’च्या गोकुळधामातही ही मंडळी जाऊन आली. ‘आहट’सुद्धा सिंग यांचीच, म्हणजे नव्वदच्या दशकातल्या मुलांची झोप उडवण्याचा ठेका एकाच माणसाकडे होता.

पण ही ‘सीआयडी’ नेमकी कुठली?

इथवर होती पडद्यामागची गंमत. पण वीस वर्षं रोज कुठे ना कुठे चालू असलेल्या मालिकेने आपल्याला एक गोष्ट नकळत शिकवली. पोलीस तपास म्हणजे काय, याचं आपल्या मनातलं चित्र तिनेच रंगवलं. आपल्यापैकी बहुतेकांचा पोलीस ठाण्याशी पासपोर्टच्या पडताळणीपलीकडे संबंध येत नाही. त्यामुळे उद्या खरंच वेळ आली तर डोक्यात असतो तो प्रद्युमन यांचा ब्युरो. म्हणून त्यातलं खरं किती आणि खोटं किती, हे माहीत असलेलं बरं.

पहिला घोळ नावाचाच. महाराष्ट्राचा गुन्हे अन्वेषण विभाग, म्हणजे राज्य सीआयडी, याचं मुख्यालय मुंबईत नाही, पुण्यात आहे. अपर पोलीस महासंचालक दर्जाचा अधिकारी त्याचा प्रमुख असतो. मुंबईत रोजच्या खुनांचा, टोळ्यांचा तपास करते ती मुंबई पोलिसांची गुन्हे शाखा, आपण जिला क्राइम ब्रँच म्हणतो. गंमत म्हणजे कागदोपत्री तिच्या नावातही ‘डीसीबी, सीआयडी’ अशी अक्षरं येतात. तेव्हा मालिकेतली टीम या गुन्हे शाखेच्या सगळ्यात जवळची.

एसीपी, म्हणजे सहायक पोलीस आयुक्त, हे पद फक्त आयुक्तालय असलेल्या शहरात असतं. ग्रामीण भागात त्याच दर्जाचा अधिकारी पोलीस उपअधीक्षक म्हणून ओळखला जातो. एसीपीच्या वर उपायुक्त, अपर आयुक्त, सहआयुक्त अशी मोठी रांग असते. मालिकेत मात्र प्रद्युमन यांच्या वर कुणी फारसं दिसत नाही, आणि डीसीपी चित्रोळे आलेच तर ते फक्त त्रास द्यायला. शिवाय मुंबईत सीनियर इन्स्पेक्टर म्हणजे सहसा अख्ख्या पोलीस ठाण्याचा प्रमुख. इथे तसे दोन अधिकारी एकाच गाडीतून फिरतात आणि त्यातल्या एकाचं मुख्य काम दरवाजे तोडणं आहे!

आता डॉ. साळुंखे. नरेंद्र गुप्ता यांनी उभं केलेलं हे पात्र माझं सगळ्यात आवडतं. पण एक माणूस एकाच खोलीत शवविच्छेदन करतो, विष ओळखतो, डीएनए जुळवतो, गोळी कुठल्या पिस्तुलातली ते सांगतो आणि संगणकावर चेहराही तयार करतो, असं जगात कुठेच होत नाही.

आपल्याकडे शवविच्छेदन सरकारी रुग्णालयातले डॉक्टर करतात. विषाची शंका असेल तर ते ‘व्हिसेरा’ राखून ठेवतात, म्हणजे जठर, आतडं, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग मिठाच्या द्रावणात घालून, बाटल्या सीलबंद करून पोलिसांकडे देतात. तिथून त्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात. राज्यातलं तिचं मुख्य केंद्र मुंबईत कलिना इथे आहे. नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर आणि इतरही काही शहरांत तिच्या शाखा आहेत. तिथेही विषाचा विभाग वेगळा, डीएनएचा वेगळा, बंदुकांचा वेगळा. अहवाल जाहिरात संपायच्या आत येत नाही. ‘व्हिसेराचा अहवाल प्रलंबित’ ही ओळ तुम्ही बातम्यांत किती वेळा वाचली आहे, आठवा.

एक गोष्ट मात्र आता साळुंखे यांच्या बाजूने झाली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ नुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करणं आणि त्याचं चित्रीकरण करणं अपेक्षित आहे. तयारीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतचा अवधी दिला आहे. म्हणजे तज्ज्ञाने प्रयोगशाळेतून उठून खुनाच्या जागी पोचणं, हे टीव्हीवरून आता कायद्यात आलं.

थप्पड, कबुली आणि फाशी

प्रत्येक भागाचा शेवट तुम्हाला पाठ असेल. संशयित नाही नाही म्हणतो, दया त्याच्या कानाखाली जाळ काढतो, आणि पुढच्या वाक्याला तो सगळं घडाघडा सांगतो. मग प्रद्युमन म्हणतात की आता तुला फाशीच होणार.

प्रत्यक्षात ही कबुली न्यायालयात आरोपीविरुद्ध वापरताच येत नाही. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येणार नाही, असं भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ सांगतं. हा नियम नवा नाही. १८७२ च्या जुन्या कायद्यात तोच कलम २५ मध्ये होता. इंग्रजांनाही ठाऊक होतं की पोलीस कोठडीत माणूस काहीही कबूल करतो. आरोपीने सांगितल्यावरून लपवलेला चाकू सापडला, तर त्या शोधाशी थेट जोडलेला तेवढाच भाग पुराव्यात घेता येतो. बाकी कबुली द्यायची असेल तर ती दंडाधिकाऱ्यांसमोर, स्वखुशीने, आणि ‘तुझ्यावर हे सांगायचं बंधन नाही’ अशी समज मिळाल्यावरच.

म्हणजे एखाद्या बचावाच्या वकिलाने ‘सीआयडी’चे भाग पुरावा म्हणून दाखवले तर मालिकेतले कितीतरी खुनी दुपारपर्यंत घरी असतील. आणि मारहाण करणाऱ्या अधिकाऱ्यावरच गुन्हा दाखल होऊ शकतो, ते वेगळं.

हसण्यावारी नेण्यासारखा हा विषय नाही. ‘दोन दिल्या की बोलेल’ हे वाक्य आपण घरात, कट्ट्यावर, कमेंटमध्ये सहज म्हणतो. चोरीच्या संशयावरून कुणाला पकडलं की तेच म्हणतो. मार खाऊन बोलणारा प्रत्येक जण खरंच गुन्हेगार असतो, हे आपण पडद्यावर इतक्या वेळा पाहिलंय की निरपराध माणूसही मार चुकवायला ‘हो’ म्हणू शकतो हे सुचतच नाही. मालिकेत थप्पड कधी चुकीच्या माणसाला बसली तरी दहा मिनिटांत खरा खुनी सापडतो. खऱ्या आयुष्यात चुकीच्या माणसाची वर्षं जातात.

डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अटकेचे नियम घालून दिले, ते याच कोठडीतल्या छळामुळे. अटक करणाऱ्या पोलिसाच्या छातीवर नाव आणि पद स्पष्ट दिसलं पाहिजे. अटकेचा पंचनामा लिहून त्यावर साक्षीदाराची सही घेतली पाहिजे. घरच्यांना कळवलं पाहिजे. २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं केलं पाहिजे, हे तर संविधानातच आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाच्या आधी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत करायची झाली तर महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी लागते. साध्या कपड्यांत, नावाची पट्टी न लावता, मध्यरात्री ‘यू आर अंडर अरेस्ट’ म्हणणाऱ्या आपल्या लाडक्या टीमचं यात काय होईल ते तुम्हीच ठरवा.

फाशीचं म्हणाल तर तो निर्णय एसीपींचा नाहीच. सर्वोच्च न्यायालयाने १९८० च्या बच्चन सिंग खटल्यात सांगितलं की फाशी फक्त ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणात द्यावी. सत्र न्यायालयाने दिली तरी उच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केल्याशिवाय ती अमलात येत नाही.

आणि तो दरवाजा

सेटवर तोडायचे दरवाजे बहुधा खास बनवलेले असतात. हलकं लाकूड किंवा प्लाय, आधीच सैल केलेल्या बिजागऱ्या, आतून कापून ठेवलेली कडी. नटाचं काम म्हणजे लाथ बरोबर कडीच्या जवळ बसवणं, नाहीतर दरवाजा तसाच आणि पाय आतमध्ये. खरा सागवानी दरवाजा एका लाथेत पडत नाही, घरी प्रयोग करू नका.

पण मूळ प्रश्न राहिलाच. पोलिसांना कुणाचा दरवाजा असा तोडता येतो का? इतका वेळ आपण या टीमच्या चुका काढल्या, आता त्यांच्या बाजूने बोलू. तोडता येतो! नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४४ (जुन्या फौजदारी संहितेत ४७) सांगतं की ज्याला अटक करायची तो आत आहे असं मानायला कारण असेल, तर पोलिसांनी आधी आपण कोण आणि कशासाठी आलो ते सांगायचं, दार उघडायला सांगायचं. तरीही आत जाता आलं नाही तर दरवाजा किंवा खिडकी तोडून आत शिरता येतं. म्हणजे आधी ‘हम सीआयडी से हैं, दरवाजा खोलो’ आणि मगच दया. मालिकेत अनेकदा हा क्रम अगदी बरोबर असतो.

त्याच कलमात एक अट आहे. आत पडदा पाळणारी, बाहेर न येणारी एखादी स्त्री राहत असेल आणि अटक तिला करायची नसेल, तर तोडण्यापूर्वी तिला बाहेर निघून जायची सूचना आणि सवड द्यावी लागते. आणि शेवटची तरतूद तर जणू लेखकांच्या खोलीतच सुचली असावी. अटक करायला आत शिरलेले पोलीस आतच कोंडले गेले, तर स्वतःच्या सुटकेसाठी बाहेर पडतानाही ते दरवाजा तोडू शकतात.